पस्तीस मिनिटांत रशियन फादरची गोष्ट कशी सांगायची, माझ्या दोन चुकांसकट

आमच्या इंदिरानगरच्या वाचनकट्ट्यावर दर महिन्याला एकजण कुणाचंतरी चरित्र सांगतो. संत झाले, शास्त्रज्ञ झाले, क्रिकेटवाले पण झाले. मागच्या वर्षी माझा नंबर आला तेव्हा मी घेतला योहान कोचुरोव, म्हणजे रशियात ऑक्टोबर क्रांतीनंतर अगदी पहिल्याच आठवड्यात मारला गेलेला ऑर्थोडॉक्स पाद्री. पहिल्यांदा सांगितलं ते सपशेल पडलं. मग त्र्यंबक रोडच्या एका ज्येष्ठ नागरिक ग्रुपमध्ये परत सांगितलं तेव्हा बरं जमलं. त्यानंतर दोघातिघांनी विचारलं की असं कुणा परक्या धर्मातल्या, परक्या देशातल्या माणसाचं सांगायचं असेल तर तयारी कशी करायची, म्हणून हे लिहितेय. तुम्ही कोचुरोवच घ्या असं काही नाही, पण पहिल्यांदाच करत असाल तर तोच घ्या, का ते कळेलच.

सगळ्यात आधी शब्द. सगळं पाणी इथेच मुरतं. माझं पहिलं वाक्य होतं, "आज आपण एका हुतात्म्याची गोष्ट ऐकणार आहोत." झालं, पुढच्याच खुर्चीतले काका म्हणाले, वा, कुणाविरुद्ध लढले? आणि त्यांचं काय चुकलं हो, हे नाशिक आहे, आपल्याकडे हुतात्मा म्हटलं की हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, विजयानंद थिएटर, २१ डिसेंबर १९०९, कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या. आपल्याकडचा हुतात्मा म्हणजे क्रांतिकारक. आणि मी ज्याची गोष्ट सांगत होते त्याला तर क्रांतीवाल्यांनीच मारलेलं. पुढची दहा मिनिटं मी ते निस्तरत बसले, तोवर अर्धे लोक मोबाईलमध्ये गेलेले.

तेव्हा हुतात्मा हा शब्द पहिल्या दहा मिनिटांत काढूच नका. दुसऱ्या वेळी मी काय केलं, शरणपूरला माझ्या ओळखीच्या एक बाई राहतात, चर्चमध्ये नेमाने जाणाऱ्या, त्यांना विचारलं तुमच्यात काय म्हणतात, त्या म्हणाल्या रक्तसाक्षी. काय शब्द आहे! ग्रीक मूळ शब्दाचा अर्थही साक्षीदार असाच आहे, म्हणजे कोर्टात उभा राहून मी हे पाहिलंय असं सांगतो तो, फक्त इथे साक्ष जिवावर बेततेय. रशियन शब्द मात्र वेगळा, मुचेनिक, म्हणजे ज्याने यातना सोसल्या तो. पाद्री असेल तर स्व्याश्चेन्नोमुचेनिक (हा सभेत उच्चारायला जाऊ नका, मी गेले होते). आणि रोमन काळातल्या जुन्या रक्तसाक्षींपासून वेगळं ओळखू यावं म्हणून १९१७ नंतरच्यांना नवे मुचेनिक म्हणतात. या सगळ्यात लढणं कुठेच नाही बघा. हे एकदा ऐकणाऱ्यांच्या डोक्यात बसलं की निम्मं काम झालं.

तसंच "क्रांतिकारकांनी मारलं" असं म्हणू नका, "बोल्शेविक" म्हणा (लेनिनचा पक्ष), "रेड गार्ड" म्हणा (त्यांचे हत्यारबंद कामगार). मी काही लपवतेय असं नाही, पण क्रांतिकारक या शब्दाला आपल्याकडे हार घातलेला असतो आणि तो हार काढायला गेलात की माणसं दुखावतात, गोष्ट बाजूला राहते.

दुसरा घोळ "ऑर्थोडॉक्स"चा. मराठीत ऑर्थोडॉक्स म्हणजे सोवळ्यातली आजी. "फार ऑर्थोडॉक्स घर आहे हो त्यांचं" असं आपण म्हणतो ना. तर आधीच सांगून टाका की हे त्या पंथाचं नाव आहे, खरी श्रद्धा किंवा खरी स्तुती असा अर्थ, रशियनमध्ये प्राव्होस्लाव्हिये. रोमच्या पोपला हे लोक आपला प्रमुख मानत नाहीत, १०५४ ची फूट म्हणून इतिहासाच्या पुस्तकात येतं ते हेच. एवढं पुरे, याच्या पुढे धर्मशास्त्रात शिरू नका. आपल्याकडे केरळी ऑर्थोडॉक्स कुटुंबं असतात, त्यांच्यापैकी कुणी सभेत असेल तर ते म्हणतील आमचं वेगळं आहे, आणि ते बरोबर आहे, ती फूट त्याच्याही आधीची, ४५१ च्या परिषदेनंतरची.

एक गोष्ट मात्र नक्की सांगा आणि सुरुवातीलाच सांगा, की या पंथात साधा पाद्री लग्न करू शकतो. दीक्षा घ्यायच्या आधी लग्न करायचं, नंतर नाही, आणि बायको वारली तर दुसरं लग्न नाही. बिशप मात्र संन्याशांतूनच होतात. हे का महत्त्वाचं, तर आपल्या डोक्यात फादर म्हणजे नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेत दिसणारे ब्रह्मचारी कॅथलिक फादर. मी हे सांगायला विसरले आणि मधेच "त्यांचा मुलगा" म्हटलं, तर मागून हसण्याचा आवाज आला. नको तिथे हशा. लोक त्यांना बात्युश्का म्हणत, म्हणजे प्रेमाने "बाबा" म्हणावं तसं. मी दुसऱ्या वेळी सगळीकडे "योहानबाबा" म्हटलं, लगेच जवळचं वाटतं. इओआन, जॉन, योहान सगळं एकच नाव, मराठी बायबलमध्ये योहान आहे म्हणून तेच घेतलं.

आता तारखा. इथे तुम्ही रडणार, मी पण रडले. एकीकडे ३१ ऑक्टोबर लिहिलेलं, दुसरीकडे १३ नोव्हेंबर. दोन्ही बरोबर. रशियात तेव्हा जुनं ज्युलियन कॅलेंडर होतं, विसाव्या शतकात ते आपल्या नेहमीच्या कॅलेंडरच्या १३ दिवस मागे. म्हणून तर ऑक्टोबर क्रांतीचा दिवस सोव्हिएत रशियात ७ नोव्हेंबरला साजरा व्हायचा. १९१८ मध्ये बोल्शेविकांनी कॅलेंडर बदललं तेव्हा ३१ जानेवारीच्या दुसऱ्या दिवशी थेट १४ फेब्रुवारी आली. हे समजवायला मी एवढंच म्हटलं, "शिवजयंती तारखेने की तिथीने?" सगळे हसले आणि सगळ्यांना कळलं, यापेक्षा जास्त काही बोलावं लागलं नाही. फक्त एक करा, पूर्ण भाषणात एकच पद्धत धरा. मी जुनी तारीख धरते आणि एकदाच सांगते की तेरा मिळवा.

आता गोष्टीकडे. माझ्या मोठ्या आत्याच्या घरी कीर्तनाची परंपरा, ती म्हणायची पूर्वरंग जमला की उत्तररंग आपोआप जमतो. इथे तेच. माझी पहिल्या वेळची दुसरी मोठी चूक ही की मी मरणापासून सुरुवात केली, गोळ्या, रक्त, वगैरे, आणि मग सांगायला काही उरलंच नाही. मरण दोन मिनिटांत सांगून होतं, होऊ द्या. उरलेला सगळा वेळ माणूस उभा करण्यात घाला. आणि म्हणूनच मी कोचुरोव घ्या म्हणते, कारण या माणसाच्या आयुष्यात शिकागो आहे.

शिकागो म्हटलं की मराठी माणसाचे कान टवकारतात. १८९३, विवेकानंद, सर्वधर्म परिषद. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८९५ मध्ये, हा चोवीस वर्षांचा पोरगा त्याच शहरात उतरला. जन्म १८७१, रियाझान प्रांतातलं खेडं, बाप पण पाद्रीच, पीटर्सबर्गच्या अकॅडमीतून नुकताच शिकून बाहेर पडलेला, लग्न झालेलं, बायकोचं नाव अलेक्झांड्रा. दीक्षा झाली आणि लगेच रवानगी अमेरिकेला. तिथे काय तर धड चर्च नाही, भाड्याच्या जागेत प्रार्थना चाललेली, आणि येणारी माणसं म्हणजे पोटासाठी आलेले कामगार, थोडे रशियन, बाकी गॅलिशियातले हंगेरीतले स्लाव, काही सर्ब, बल्गेरियन, अरब सुद्धा. एकाची भाषा दुसऱ्याला येत नाही. मी म्हटलं सातपूर अंबडच्या एमआयडीसीत पहिल्या पिढीत आलेली माणसं आठवा, कुणी खानदेशातून, कुणी बिहारमधून, एका खोलीत सहा सहा जण, शिफ्ट संपली की झोप, आणि त्यांच्यात एक तरुण भटजी येऊन राहिलाय जो मुलांना शिकवतोय, कुणी मेलं तर मातीला जातोय, आणि फावल्या वेळात देवळासाठी वर्गणी गोळा करतोय. माना हलल्या.

या वर्गणीच्या भागावर मुक्काम करा, इथे मजा आहे. योहानबाबा त्यासाठी १९०० मध्ये परत रशियात गेले आणि दारोदार फिरले. खुद्द झार निकोलस दुसरा याने पण पैसे दिले. आणि त्या गरीब कामगारांच्या चर्चचा नकाशा कुणी काढला, तर लुईस सलिव्हन, म्हणजे अमेरिकेतल्या उंच इमारतींचा बाप मानला जाणारा आर्किटेक्ट. १९०३ मध्ये चर्च तयार झालं, होली ट्रिनिटी, आणि त्याचं उद्घाटन केलं बिशप तिखोन यांनी. हे तिखोन नाव इथेच ठसवून ठेवा, शेवटी परत येणार आहे. इमारत आजही शिकागोत उभी आहे, फोटो सहज मिळतो, प्रोजेक्टर असेल तर तो एकच फोटो दाखवा. छोटंसं पांढरं चर्च आहे, काही भव्य वगैरे नाही, आणि ते भव्य नाही हेच लोकांना आवडतं. (प्रोजेक्टरची वायर घरून न्या. ज्यांच्या हॉलमध्ये पहिल्यांदा बोलले त्यांनी सगळं आहे म्हणून सांगितलं होतं आणि ऐनवेळी वायर नव्हती.)

१९०७ ला ते कुटुंबासकट रशियात परतले. मग नार्व्हा नावाच्या गावात जवळजवळ नऊ वर्षं शाळेत धर्माचे मास्तर. या नऊ वर्षांवर एकच वाक्य खर्च करा, त्यात गोष्ट नाही. नोव्हेंबर १९१६ मध्ये त्यांची बदली झाली त्सार्स्कोये सेलोला, सेंट कॅथरीन चर्चमध्ये. त्सार्स्कोये सेलो म्हणजे झारचं गाव, पेट्रोग्राडपासून (तेव्हाची राजधानी, वर आलेलं पीटर्सबर्गच) साधारण पंचवीस किलोमीटर, म्हणजे आपल्या इथून त्र्यंबक धरा, त्याहून थोडं कमी. राजधानीच्या इतक्या जवळ, आणि राजाचाच महाल तिथे. तीन चार महिन्यांत फेब्रुवारी क्रांती झाली, झार गेला, ऑगस्टपर्यंत झारचं कुटुंब त्याच गावात नजरकैदेत होतं, मग सायबेरियात नेलं. म्हणजे या बाबांना बदली मिळाली ती बरोब्बर वादळाच्या तोंडावर.

आता उत्तररंग. २५ ऑक्टोबर १९१७ ला पेट्रोग्राडमध्ये बोल्शेविकांनी सत्ता घेतली. तोवरच्या हंगामी सरकारचा प्रमुख केरेन्स्की पळाला आणि जनरल क्रास्नोवचे कोसॅक, म्हणजे घोडेस्वार सैनिक, घेऊन परत राजधानीवर निघाला, त्सार्स्कोये सेलो त्याच वाटेत. ३० ऑक्टोबरला गावावर तोफा पडायला लागल्या. लोक घाबरून चर्चमध्ये शिरले. पाद्र्यांनी ठरवलं मिरवणूक काढायची, क्रूस आणि चित्रं घेऊन, गावातून प्रार्थना म्हणत, भावाभावातली मारामारी थांबू दे म्हणून. याला ते क्रेस्त्नी खोद म्हणतात. इथे "दिंडी" म्हणा, सगळ्यांना दिसते. तोफा चालू आहेत आणि रस्त्यावर दिंडी. प्रवचन झालं त्यातही शांत राहा, समोर येईल त्याला धीराने तोंड द्या, एवढंच.

आणि आता नीट बघा काय झालं. त्याच संध्याकाळी कोसॅक गाव सोडून गेले, गावात लढाई नको म्हणून. सकाळी, ३१ तारखेला, बोल्शेविक आत आले, कुणी विरोध केला नाही. आणि पाद्र्यांची धरपकड सुरू झाली. आरोप काय, तर तुम्ही कोसॅकांच्या विजयासाठी प्रार्थना केली. योहानबाबांनी सांगायचा प्रयत्न केला, उपयोग झाला नाही. त्यांना मारहाण केली, गावाबाहेर नेलं आणि गोळ्या घातल्या. शाळकरी मुलगा तिथे होता, त्याच्यासमोर. वय ४६.

बास. इथे थांबा. खरंच थांबा, पाणी प्या. मरणाची वर्णनं एकापेक्षा जास्त सापडतील तुम्हाला, कुणी रेल्वेच्या रुळांवरून फरफटवलं लिहितं, कुणी आणखी काही. सगळीकडे जुळतं तेवढंच बोला, ते पुरेसं भयंकर आहे. आणि चमत्कार घालू नका प्लीज, आपल्याला संतचरित्राची सवय असते, हात शिवशिवतात, की गोळ्या लागल्याच नाहीत, आकाशात उजेड पडला वगैरे. असं काही झालं नाही. दिंडी काढली आणि दुसऱ्या दिवशी मारलं, एवढंच झालं.

पॉज घेतल्यावर तिखोन परत आणा. शिकागोच्या त्या चर्चचं उद्घाटन करणारे बिशप तिखोन, ते योहानबाबा गेल्यावर पाच दिवसांनी, ५ नोव्हेंबर १९१७ ला, मॉस्कोत पॅट्रिआर्क म्हणून निवडले गेले, पॅट्रिआर्क म्हणजे अख्ख्या रशियन चर्चचे प्रमुख. हे पद पीटर द ग्रेटच्या काळापासून दोनशे वर्षं रिकामंच होतं. आणि निवड कशी, तर तीन नावांतून चिठ्ठी काढून! हे सांगितलं की लोक सरसावून बसतात. मग ३१ मार्च १९१८ ला याच तिखोननी मारल्या गेलेल्यांसाठी प्रार्थना केली, त्या यादीत कीव्हचे मेट्रोपॉलिटन (म्हणजे मोठ्या शहराचे वरिष्ठ बिशप) व्लादिमीर, आणि त्यांच्यानंतर पाद्र्यांमध्ये पहिलं नाव आपल्या योहानबाबांचं. ज्याच्या चर्चला आपण पाणी शिंपडलं त्याचंच नाव आता मृतांच्या यादीत वाचायचं. मी इथे काही भाष्य केलं नाही, तुम्ही पण करू नका.

पुढचं भराभर सांगा. जानेवारी १९१८ मध्ये चर्च आणि सरकार वेगळं करणारा हुकूम, त्याच वर्षीच्या घटनेत पाद्र्यांचा मतदानाचा हक्क काढला. १९२२ मध्ये दुष्काळाच्या नावाखाली चर्चमधलं सोनंनाणं जप्त, पेट्रोग्राडचे मेट्रोपॉलिटन व्हेनियामिन यांना गोळ्या. मग १९३७-३८, स्टालिनचा काळ, एकट्या मॉस्कोजवळच्या बुतोवोच्या मैदानावर २०,७६२ माणसं मारली, त्यात पाद्री, बिशप, साधी भाविक माणसं पण. हे आकडे ऐकताना सभेत शांतता होते पण ती तेवढीच, कारण आकड्याला चेहरा नसतो, म्हणून तर आपण एकच माणूस घेतलाय. १९३९ मध्ये बाबांना जिथे पुरलं होतं ते कॅथरीन चर्चच पाडलं. २००६ ते २०१० मध्ये परत बांधलं. आणि १९९४ मध्ये त्यांना संत म्हणून जाहीर केलं.

आता प्रश्नोत्तरं, खरी कसोटी इथे. एक प्रश्न येणारच, चर्च पण काय कमी होतं का? झारच्या बाजूनेच होतं ना? माझ्या सभेत हा प्रश्न विचारणारे आजोबा जुने युनियनवाले होते. उडवून लावू नका, कारण त्यांचं म्हणणं निराधार नाही. १७२१ पासून रशियन चर्च सरकारी खात्यासारखंच चालायचं, प्रार्थनेत झारचं नाव घ्यायचं, जमिनी होत्या, आणि उपाशी शेतकऱ्याला तो पाद्री पण सरकारचाच माणूस वाटायचा. हे सगळं मान्य करा, आणि मग फक्त विचारा की शिकागोतल्या मजुरांसाठी वर्गणी मागत फिरणाऱ्या माणसाने यातलं काय केलं होतं. आणि अजून एक, आपलं नाशिक आहे हे विसरू नका. २०१८ चा किसान लाँग मार्च इथूनच निघाला, लाल टोप्या घालून, पाय सोलून निघालेल्या बाया मुंबईपर्यंत चालत गेल्या. समोर बसलेल्यांपैकी कुणाची तरी मावशी त्यात असेल. तेव्हा "लाल झेंडा म्हणजे हेच" असलं काही तोंडातून जाऊ देऊ नका. पेट्रोग्राडचा रेड गार्ड आणि सुरगाण्याची आदिवासी बाई यांचा काही संबंध नाही. उलट बाजूनेही सांभाळा, कुणीतरी उठून याचा आपल्या आजच्या राजकारणाशी सांधा जोडणारच, तेव्हा "वेळ झाली, चहा तयार आहे" हे वाक्य तयार ठेवा.

चित्राचं पण सांगते. त्यांचा फोटोही मिळतो आणि चर्चमधलं चित्र, म्हणजे आयकॉन, तेही मिळतं. मी कॉलेज रोडला आयकॉनची ए-थ्री कलर प्रिंट काढली, लॅमिनेट न करता, लॅमिनेटवर ट्यूबलाईट चमकते. हातात क्रूस असतो तो रक्तसाक्षीची खूण, डोक्यामागे तेजोवलय. आयोजकांपैकी एका काकूंनी सवयीने त्याला चंदनाचा हार घातला आणि समोर उदबत्ती. मी क्षणभर अडखळले, मग म्हटलं राहू दे, ते लोक पण आयकॉनपुढे दिवाच लावतात, धूपच जाळतात. शरणपूरच्या त्या बाई आल्या होत्या, त्यांनी फक्त हार थोडा खाली सरकवला, चेहरा दिसावा म्हणून.

शेवटची व्यवहाराची गोष्ट. स्मरणदिनालाच कार्यक्रम करू, म्हणजे नव्या कॅलेंडरने १३ नोव्हेंबरला, असा मोह होईल. करू नका. दिवाळी त्याच्या मागेपुढेच असते, हॉल स्वस्तात मिळतो पण माणसं मिळत नाहीत, निम्मी गावाला आणि निम्मी फराळाच्या डब्यांत. मी जानेवारीत घेतला, संक्रांतीनंतर. अठ्ठावीस लोक आले, आणि तिळगुळ उरला होता तो पण संपला.